मंगळाच्या खड्याची सासू

सुमेधच्या खड्यात काहीतरी हललं, ही बातमी मयूरला कँटीनमध्ये कळली. तोंडात ठेचा-भाकरीचा घास होता. डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि बरंच झालं. ते पाणी कशाचं, हे कोणी विचारलं नाही.

"हललं म्हणजे? खरंच हललं?"

"नाडी लागली बे!"

सांगणारा खुद्द सुमेध गवईच होता. लॅबचा पांढरा सूट अर्धा सोललेला, बाह्या कमरेला बांधलेल्या, कपाळावर चष्म्याचा वळ. "सकाळपासून बघतोय. थांबतं, परत सुरू होतं. मॅडमला पण सांगितलं नाही अजून. पहिले तुला."

पहिले तुला. मयूर उठला आणि त्यानं सुमेधला मिठी मारली. पाठीवर थापा मारल्या. जरा जास्तच जोरात मारल्या.

मंगळावरचं मीठ पृथ्वीवर आलं त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. सात-आठ देशांनी मिळून यान पाठवलं होतं. ते एका आटलेल्या तळ्याच्या बुडातून मुठीत मावेल एवढं मीठ घेऊन परतलं. ज्यानं जेवढा खर्च केला तेवढं त्याच्या वाट्याला, या हिशोबानं आपल्याला दोन खडे मिळाले. ते दोन खडे कुठं ठेवायचे, तर लोणारला. का? तर लोणारचं तळं. आकाशातून दगड पडून झालेला खड्डा, त्यात खारं पाणी, आणि त्या खारट पाण्यात मजेत राहणारे जंतू. मागं एकदा याच जंतूंनी सगळं तळं गुलाबी करून टाकलं होतं. मिठात जीव कसा राहतो, हे बघायला याच्यापेक्षा चांगली जागा देशात नाही. म्हणून मेहकर रोडच्या अंगाला टेकाडावर लॅब उभी राहिली. गाव तिला 'मंगळ ऑफिस' म्हणायचं.

मिठाची गंमत अशी, की पाणी आटून खडा जमतो तेव्हा त्याच्या पोटात पाण्याचा एखादा बारीक थेंब अडकून राहतो. बाहेर वाळवंट होवो नाहीतर बर्फ पडो, थेंब आत सुरक्षित. पृथ्वीवर अशा थेंबांत जंतू हजारो वर्षं दम धरून राहिलेले सापडलेत. मंगळावर कधीकाळी तळी होती. ती आटली, मीठ उरलं. मग आटता आटता त्या मिठात कोणी अडकलं असेल का? प्रश्न एवढाच होता. त्यासाठी सगळा खटाटोप.

दोन खडे, दोन शास्त्रज्ञ. मयूर नागरे आणि सुमेध गवई. कॉलेजपासूनचे दोस्त. लॅबच्या प्रमुख डॉ. तस्नीम कुरेशी. आधी कोण निवडणार यावरून वाद नको म्हणून मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी मयूरची निघाली.

हेच तर दुखणं होतं.

एक खडा मोठा, हरभऱ्याएवढा, काचेसारखा स्वच्छ, आत थेंबच थेंब. दुसरा तिळाएवढा. मळकट, कडेला तांबूस डाग, आत जेमतेम एक थेंब. मयूरनं मोठा घेतला. कोणीही घेतला असता. सुमेध तेव्हा हसून म्हणाला होता, "घे लेका. तू पंगतीत पण पहिला बसतोस."

मयूरनं त्या मोठ्या खड्यातला एकेक थेंब उघडून पाहिला. मीठ, पाणी, मीठ, पाणी. दुसरं काही नाही.

आणि आता तिळात हललं होतं.

---

हललेलं कळतं कसं, तेही सांगून टाकतो. पोहण्याच्या तलावावर उडी मारायची फळी असते ना, तशीच सिलिकॉनची एक फळी. पण केसाला चिरून चिरून करावी तेवढी बारीक. तिच्यावर एक पेशी ठेवायची. जिवंत पेशी कधीच गप्प बसत नाही. आतमध्ये काहीतरी ओढणं, ढकलणं, बाहेर टाकणं चालूच असतं. तेवढ्यानं ती फळी थरथरते. फळीवर लेसरचा किरण सोडलेला असतो, त्यामुळं ही थरथर पडद्यावर रेघ होऊन उमटते. पेशी मेली की रेघ आडवी. या यंत्राला जीव कशाचा बनलाय याच्याशी देणंघेणं नाही. आपल्यासारखा असो, वेगळाच असो. हलतोय की नाही, एवढंच ते सांगतं. डॉक्टरनं मनगट धरल्यासारखं. म्हणून सगळे त्याला नाडी म्हणायचे.

पण फळी तर कशानंही थरथरेल. ट्रक गेला, पंखा फिरला, कोणी शिंकलं. म्हणून कुरेशी मॅडमचा एक नियम होता. मागं परदेशातल्या एका लॅबनं 'जीव सापडला' म्हणून जगभर डंका पिटला होता, आणि तो जीव निघाला त्यांच्याच एका माणसाच्या कोंड्यातला. तसं आपलं हसं नको. इथं कोणालाही काही सापडलं, की त्याच्यावर लॅबमधलाच एक माणूस नेमायचा. त्याचं काम एकच. खोट काढायची. कागदावर त्याचं नाव 'विरोधी परीक्षक'. कागदाबाहेर सगळे त्याला सासू म्हणायचे. भाजी खारट, पोळी जाड, चालताना पाय वाजतात. सासूनं सही केल्याशिवाय सून उंबरा ओलांडणार नाही.

"माझी सासू मयूर," सुमेधनं मॅडमला स्वतःच सांगितलं.

मॅडमनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "दोस्त सासू? लाड करेल."

"करणार नाही," मयूर म्हणाला. एवढं पटकन म्हणाला की त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"मला कडकच पाहिजे," सुमेध म्हणाला. बाहेर आल्यावर वाकून नमस्काराची नक्कल केली. "सासूबाई, सांभाळून घ्या."

"सून नांदते का बघू आधी," मयूर म्हणाला. दोघं हसले. एकाचं हसू खरं होतं.

---

सगळं गुपित होतं. म्हणजे लोणारमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

रविवारी दुपारी सुमेध जेवायला मयूरच्या घरी असायचा. एकटा माणूस, मूळचा अकोल्याचा, त्यामुळं हे ठरलेलंच. त्या रविवारी रेणुकानं कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. सुमेधच्या भाकरीवर तिनं लोण्याचा गोळा ठेवला. मयूरच्या भाकरीवर पण ठेवला. पण आधी सुमेधच्या. मयूरला हे दिसलं आणि दिसल्याचा राग आला. ऑफिसला जाणारा शिकलेला माणूस आपण, आणि लोण्याचे गोळे मोजतोय.

मयूरचे वडील अण्णा जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांना आडून बोलता येत नसे.

"काय म्हंते सुमेध? सापडलं म्हंते तुले?"

"अण्णा, अजून काही नक्की नाही."

"नक्की काहून नाही? हाललं ना?" मग मयूरकडे वळून, "मोठा खडा तूच घेतला व्हता ना बे?"

"हो."

"मंग?"

"मग काय? रिकामा निघाला."

"लहानपणी बी तसंच. जत्रेत सगळ्यात मोठा फुगा पाहिजे. घरी येईस्तोवर फट्!"

ईरा, मयूरची मुलगी, खदखदून हसली. "सुमेधकाका, तुझा फुगा छोटा होता?"

"एवढासा," सुमेधनं चिमूट करून दाखवली. "तिळाएवढा."

"आणि त्याच्यात एलियन आहे?"

"असेल. तुझे बाबा सांगतील आहे का नाही. ते म्हणतील तेच खरं."

हे तो प्रेमानंच बोलला. मयूरला भरीत तिखट लागलं.

---

सासू कामाला लागली. आणि काय लागली!

पहिला संशय रस्त्यावर. मयूरनं टेकाडाखालचे ट्रक अडवायला लावले, जवळच्या खाणीतले सुरुंग बंद ठेवायला लावले. रेघ थरथरतच राहिली.

दुसरा संशय गावच्या जंतूंवर. तळ्यातला एखादा जंतू कोणाच्या बुटाला चिकटून आत आला असेल. मयूर लहानपणापासून त्या तळ्याकाठी बागडलेला. तिथले जंतू त्यानं पेशीन् पेशी ओळखलेले. त्यानं ते नाडीवर ठेवून पाहिले. लोणारची रेघ म्हणजे बाजारातली गडबड, भराभर, घाईची. सुमेधच्या पेशीची रेघ तशी नव्हती. एक हेलकावा यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. म्हातारा माणूस जिना चढताना पायरीपायरीवर थांबतो तसं.

एकेक संशय सुचला की मयूर शीळ घालत लॅबमध्ये यायचा. संशय फोल ठरला की तोंड पाडून घरी जायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय मन लावून काम करतोय. मन लावून तर करतच होता. आयुष्यात एवढं चांगलं काम त्यानं स्वतःच्या खड्यावर पण केलं नव्हतं.

आणि एक दिवस त्याला घबाड सापडलं.

आधीच्या सगळ्या नोंदी शेजारी शेजारी लावून बघताना त्याच्या लक्षात आलं, की थरथर फक्त टेबलावरचा दिवा चालू असतानाच येते. दिवा बंद केला की रेघ हळूहळू झोपते. मयूर खुर्चीतून उडालाच. दिवा! दिव्याची ऊब! फळी तापते, वाकते, थरथरते. जीव कसला डोंबलाचा!

सुमेधला त्यानं पडद्यासमोर उभं करून दाखवलं. दाखवताना आवाज मुद्दाम मऊ ठेवला. "वाईट वाटून घेऊ नको यार. होतं असं."

सुमेधनं पडद्यावरच्या नोंदी परत एकदा चाळल्या. चेहरा उतरला. मयूरला त्या चेहऱ्याकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. त्या दिवशी घरी जाताना त्यानं ईरासाठी आइस्क्रीम नेलं. अण्णांना पण एक कप दिला.

"काय झालं? पगार वाढला का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. असंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमेध धावतच मयूरच्या टेबलाशी आला. त्यानं रिकामी फळी दिव्याखाली ठेवून पाहिली होती. आडवी रेघ. तळ्यातल्या जंतूची मेलेली पेशी ठेवून पाहिली. आडवी रेघ. मग दिव्यापुढं काच धरली, ऊब अडवणारी, फक्त उजेड जाऊ देणारी. आणि मंगळाची पेशी? थरथरली. दिवा लागल्या लागल्या नाही, थोडा वेळ घेऊन. जाग येते तशी.

"मयूऱ्या! अरे तू काय काढलंस तुला कळतंय का?" सुमेधनं त्याचे खांदे धरून गदागदा हलवले. "ऊब नाही. उजेड! ते उजेड खातंय!"

मयूर हसला. हसावंच लागलं. कैरी पाडायला दगड मारावा आणि पिकलेला आंबा शेजाऱ्याच्या ओटीत पडावा, तसं झालं. शोध पाडायला गेला आणि दुप्पट मोठा करून बसला. वर सुमेध लॅबभर सांगत सुटला, "हे मयूरनं काढलं हं, मयूरनं." दानात मिळालेला घास घशाखाली उतरत नाही, हे त्या दिवशी मयूरला कळलं.

---

आता सासूच्या हातात एकच गोष्ट उरली होती. मॅडमच्या नियमांत ती शेवटी होती आणि आजवर कोणी वापरली नव्हती. सगळं करून शंका उरली, तर सासू म्हणू शकते, मारून बघा.

यात दुष्टपणा काही नाही. शास्त्रच तसं आहे. एखादं रसायन, एखादा स्फटिक पण उजेडात थरथरू शकतो. मग जीव कोणता आणि दगड कोणता? पेशी उकळायची. मग पहिल्याइतकी थंड करायची आणि परत दिवा लावायचा. दगड असेल तर थरथर परत येईल, कारण दगडाला उकळलं काय, न उकळलं काय. जीव असेल तर परत येणार नाही.

म्हणजे, थरथर परत आली तर सुमेध खोटा. नाही आली तर खरा. पण खरा ठरला तर त्याच क्षणी त्याच्याकडे दाखवायला काही उरणार नाही. ती पेशी एकच होती. दुसऱ्या कुठल्याही देशाला काही सापडलं नव्हतं.

"वाढते का बघूया ना," सुमेधचं म्हणणं. "एकाच्या दोन झाल्या की प्रश्नच मिटला."

"आणि तिकडच्या जिवाला दोन व्हायला शंभर वर्षं लागत असतील तर? मी सही काय माझ्या नातवाकडून करून घेऊ?"

तरी मयूरनं 'मारून बघा' हे शब्द कागदावर लिहिले नव्हते. पेन उघडायचा, बंद करायचा. ईराच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं, तोपर्यंत.

मुलांनी 'माझं गाव' या विषयावर चित्रं काढली होती. तळं, देऊळ, मोर. ईराचं चित्र भिंतीच्या मधोमध लावलेलं. एक माणूस, चष्मा, हातात तांबडा खडा, खड्यातून दोन डोळे बाहेर बघतायत. खाली मोठ्या अक्षरांत, 'आमच्या गावचे शास्त्रज्ञ सुमेधकाका'.

"छान आहे ना बाबा?"

"छान आहे. पण बेटा, काका अकोल्याचे आहेत. गावचा मी आहे."

"हो, पण तुझ्या खड्यात काही नव्हतं ना," ईरा म्हणाली. लेकरू ते. जे आहे ते बोललं.

मयूर तिथून थेट लॅबमध्ये गेला आणि मागणी लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवली.

संध्याकाळी रेणुकानं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला आणि समोरच बसली. ती जनावरांची डॉक्टर. तालुक्याच्या दवाखान्यात तिच्याकडे म्हशी, बैल, कुत्री येत.

"मॅडमचा फोन होता मला. तुला समजावायला सांगत होत्या."

"समजावण्यासारखं काय आहे? चाचणी बरोबर आहे."

"चाचणीचं मला कळत नाही. पण मरणाच्या दारातलं जनावर घेऊन लोक माझ्याकडे येतात, 'सुई देऊन टाका' म्हणतात. कोण जनावरासाठी म्हणतंय आणि कोण स्वतःची कटकट मिटावी म्हणून, ते मला तोंडावरून कळतं." ती थांबली. "तू हे शास्त्र म्हणून मागितलंस का सुमेधभाऊजींवर जळून?"

मयूरनं चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती.

"दोन्ही."

"मग मागे घे."

"दोन्हीतलं एक खरं आहे ना?"

"म्हणूनच तर तुला झोप लागत नाहीये," ती म्हणाली आणि उठून गेली.

---

सकाळी मयूर सुमेधला शोधत विवराच्या काठावर गेला. सुमेध रोज तिथं फिरायला यायचा. खाली तळं शांत होतं, माकडं झाडांवरून चोरून बघत होती.

"मी मागणी मागे घेतोय," मयूर म्हणाला. वाटेत घोकलेलं सगळं भाषण विसरला.

"उशीर झाला. मी काल मॅडमला सांगून आलो. माझी हरकत नाही."

"वेडा झालास काय तू? एकच आहे ती!"

"मला नाही माहीत एक आहे का?" सुमेध काठावरच्या दगडावर बसला. "तू सही केली नाहीस तर ती काय आहे? शंका. मी आयुष्यभर एक शंका सांभाळत बसू? रोज सकाळी दिवा लावायचा, आली थरथर की खूश, आणि मनात कीड. खरंच जिवंत आहे, का मी मिठाच्या स्फटिकाला अंगाई गातोय?"

"मग मी मान्य म्हणून सही करतो. न मारता. आजच करतो."

सुमेधनं वर पाहिलं. "आणि मग सगळे म्हणणार, दोस्तानं पास केलं. नको मयूर. तू माझ्या खड्यावर मेहरबानी करायची नाही." मग थोडा हसला. "मी तुझ्या जागी असतो तर हेच मागितलं असतं. फक्त इतका वेळ लावला नसता."

मयूर तिथंच उभा राहिला. त्याला वाटलं होतं आपण मोठं मन करून आलोय. मोठं मन पण सुमेधनं आधीच करून ठेवलं होतं. मयूरला स्वतःचं नुसतं आणून परत न्यायचं उरलं होतं.

---

चाचणीच्या वेळी खोलीत तिघंच होते. मॅडम दाराशी, सुमेध यंत्रापाशी, मयूर दिव्यापाशी. दिवा लावायचं काम सासूचं.

मयूरनं दिवा लावला. थोडा वेळ गेला. मग पडद्यावर तो हेलकावा आला. सावकाश, जिना चढणारा. मग दुसरा. इतक्या आठवड्यांत मयूरला त्याची इतकी सवय झाली होती, की हेलकावा यायच्या आधी त्याची मान आपोआप वर व्हायची.

"नोंद झाली," मॅडम म्हणाल्या. "दिवा बंद."

दिवा बंद झाला. तापमानाचं बटण फिरवायला मयूर पुढं झाला. तसा नियमच होता, शेवटची चाचणी सासूनं करायची. पण सुमेधनं त्याचा हात बाजूला केला.

"राहू दे. मी करतो."

त्यानं बटण फिरवलं. फळीवरचा थेंब तापत गेला. पडद्यावर रेघ वेडीवाकडी नाचली, ती उष्णतेची. मग सुमेधनं बटण मागं घेतलं आणि ते थंड व्हायची वाट बघत बसले.

त्या वेळात मयूरला एक विचित्र गोष्ट जाणवली. या खोलीत हे परत हलावं असं मनापासून वाटणारा माणूस एकच होता. तो स्वतः. हललं तर तो जिंकणार होता, हे खरंच. पण आता त्यात जिंकण्याचं काही उरलं नव्हतं. नुसतं हलावं. आणि सुमेध, ज्यानं रोज सकाळी त्याला उठवलं, त्याला मात्र ते हलू नये अशी प्रार्थना करावी लागत होती. सुमेधनं डोळे मिटले होते. काय मागत होता तो, देव जाणे. मागता तरी येत होतं की नाही.

"दिवा," मॅडम म्हणाल्या.

मयूरनं दिवा लावला.

रेघ आडवी होती. जाग यायला वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं, म्हणून तो थांबला. थांबला. दिवा जरा जवळ ओढला. मान वर झाली, रेघ वर झाली नाही.

"मयूर," मॅडम हळूच म्हणाल्या.

"अजून थोडं थांबा ना मॅडम."

त्या थांबल्या. मग पुढं येऊन त्यांनी सुमेधच्या खांद्यावर हात ठेवला. "मुबारक हो," म्हणाल्या. "जिवंत होतं."

सुमेधनं मान हलवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मयूरनं कागदावर 'मान्य' लिहिलं, खाली सही केली.

---

मग जग लोणारला आलं.

पृथ्वीबाहेर जीव होता, हे आता पक्कं झालं. कोणी नाही म्हणू शकत नव्हतं, कारण सासूनं मारून बघितलं होतं. पण ज्याचा आनंद साजरा करायचा, तेच शिल्लक नव्हतं. एका बातमीत फटाके आणि दुसऱ्या बातमीत मेणबत्त्या. शाळांमधून पोरं रडली. कुठल्या कुठल्या देशांतून मोर्चे निघाले. एवढा प्रवास करून आलेला पाहुणा, आणि तुम्ही त्याला उकळलात?

लॅबच्या सभागृहात पत्रकार दाटीवाटीनं बसले होते. मंचावर मॅडम आणि सुमेध. मयूर तिसऱ्या रांगेत, भिंतीकडेला. शेजारी रेणुका, अण्णा.

आधी शोधाचे प्रश्न आले. सुमेधनं उत्तरं दिली. उजेडाची गोष्ट आली तेव्हा तो म्हणाला, "ते माझ्या सहकाऱ्याचं काम, मयूर नागरे." कॅमेरे क्षणभर वळले आणि परत गेले. मग पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहिली.

"डॉक्टर गवई, सबंध विश्वात माणसाला सापडलेला तो एकच जीव होता. तो मारायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

कुरेशी मॅडमनी माइककडे हात नेला, पण सुमेध आधी बोलला.

"निर्णय माझा होता. बटण मी फिरवलं. दोष द्यायचा तर मला द्या." त्यानं चष्मा काढून पुसला. "मी रोज त्याला उठवायचो हो. मला काय वाटत असेल?"

खोलीतला सगळा राग एका क्षणात वितळला. ती विचारणारी बाई पण डोळे पुसत खाली बसली. कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला. मयूरच्या शेजारी अण्णांनी नाक ओढलं. "लय जिवाचा माणूस आहे बाप्पा," ते पुटपुटले.

मयूर बघत राहिला. शोध सुमेधचा. ठीक. पहिला मान, पहिला लोण्याचा गोळा, पोरीचं चित्र, सगळं त्याचं. पण आता पाप पण त्याचं? दुःख पण त्याचं? त्या कागदावरची मागणी कोणाची होती? प्रदर्शनातून तडक जाऊन, दात-ओठ खाऊन, पेशीच्या मरणाचा कागद कोणी लिहिला होता? आणि शेवटपर्यंत दिवा धरून कोण उभं होतं? जगाच्या इतिहासात या पेशीच्या मरणाशी एक माणूस जोडला जाणार, आणि तो पण सुमेधच?

गप्प बसलं तर त्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. उद्या सकाळी तो नेहमीसारखा कामाला गेला असता. हे त्याला कळत होतं. रेणुकाला पण कळलं असावं, कारण तिनं त्याचा हात धरला.

त्यानं हात सोडवला आणि उभा राहिला.

"खोटं बोलतोय तो," मयूर म्हणाला. माइक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मारायची मागणी माझी होती. लेखी. तो तयार नव्हता तेव्हा मी लिहिली."

सगळ्या माना वळल्या. सगळे कॅमेरे वळले. कोणीतरी ओरडून विचारलं, "का? का लिहिलीत?"

मंचावरून सुमेध त्याच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आभार नव्हते. काहीतरी हातचं हिसकावून घेतल्यासारखा तो लाल झाला होता. माइक चालू आहे हे विसरून तो म्हणाला, "बस खाली मयूर. हे माझं आहे."

"नाही," मयूर म्हणाला. "हे माझं."

आणि तो उभाच राहिला.